कार्ड दुकानातून घ्यायचं की ऑनलाइन? आधी कुठलं कार्ड ते सांगा

स्पोर्ट्स कार्ड, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डं, जमवणाऱ्या कुणाशीही जरा वेळ बोला, हा विषय निघतोच. एक जण म्हणणार दुकानवाले लुटतात, तेच कार्ड फोनवर स्वस्त मिळतं. दुसरा म्हणणार ऑनलाइन म्हणजे नुसती फसवाफसवी, वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे काढूच नयेत. मला यातलं एकही पटत नाही, कारण दोघंही सगळी कार्डं म्हणजे एकाच जातीचा माल असल्यासारखं बोलतात. तसं नाहीये ते. रॉ कार्ड वेगळं, स्लॅबमधलं, म्हणजे ग्रेड देऊन प्लास्टिकच्या कवचात बंद केलेलं कार्ड वेगळं, सीलबंद बॉक्स वेगळा आणि सेट पुरा करायला लागणारी साधी बेस कार्डं वेगळी, आणि प्रत्येकात फसायच्या जागाही वेगवेगळ्या. मी कुठून काय घ्यायचं ते या फसायच्या जागा बघून ठरवते. भावाचं नंतर.

रॉ कार्डापासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. रॉ म्हणजे ग्रेडिंग न झालेलं (कंपनीने तपासून दर्जाचा आकडा न दिलेलं), नुसतं पेनी स्लीव्ह (प्लास्टिकची पातळ पिशवी) आणि टॉपलोडरमध्ये (प्लास्टिकचं कडक पाकीट) ठेवलेलं कार्ड. त्याची किंमत चार गोष्टींवर ठरते, सेंटरिंग (चित्र मधोमध आहे का), कोपरे, कडा आणि सरफेस (पृष्ठभाग). सेंटरिंग फोटोत नीट कळतं, चारही बाजूंची बॉर्डर मोजता येते. फोटो चांगला असेल तर कोपरेही दिसतात. कडा अर्धवट दिसतात. सरफेस मात्र जवळजवळ दिसतच नाही, आणि हल्लीच्या क्रोम, प्रिझम, रिफ्रॅक्टर वगैरे चकचकीत कार्डांत तर सगळा जीव सरफेसमध्येच असतो. स्कॅनरवर कार्ड पालथं टाकलं की बारीक ओरखडा, खळगा, छपाईची रेघ सगळं त्या सपाट उजेडात गायब होतं. विकणारा मुद्दाम लपवतो असंही नाही, त्याच्या फोटोत ते खरंच दिसत नसतं.

दुकानात मी काय करते ते सांगते. आधी विचारते की टॉपलोडरमधून काढून बघू का, कारण दिसणारे अर्धे ओरखडे टॉपलोडरचे असतात, कार्डाचे नसतात. मग कार्ड कडांना धरून दिव्याखाली हळूहळू तिरकं करत जायचं, म्हणजे चमक वरून खालपर्यंत सरकत जाते, आणि ती सरकताना जिथे अडखळते तिथे काहीतरी आहे असं समजायचं. छपाईची रेघ असेल तर चमक तिथे सरळ कापल्यासारखी दिसते. खळगा असेल तर टिंबाएवढी सावली येते आणि लगेच जाते. कुणी बोट लावलेलं असेल तर तेलकट डाग उमटतो. मग उलटं करून मागची बाजू, कारण मागच्या बाजूचे कोपरे लोक लिस्टिंगमध्ये बऱ्याचदा टाकतच नाहीत. याला मिनिटभर लागतो, पण तो मिनिट ऑनलाइन कुठेच मिळत नाही.

जुन्या कार्डांचं तर विचारूच नका. टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९७१ च्या बेसबॉल सेटला काळी बॉर्डर आहे, जरा कड घासली की आतला पांढरा कागद डोकावतो, त्यामुळे चांगल्या कडांचं कार्ड मिळणं मुश्कील आणि म्हणून महाग, आणि महाग म्हणून काही लोक ती पांढरी ठिकाणं मार्करने काळी करून ठेवतात. समोरून काढलेल्या फोटोत ते अजिबात कळत नाही. कार्ड हातात घेऊन कड सरळ डोळ्यासमोर धरली की लगेच कळतं, कारण कागदाची कड पांढरी असायला हवी तिथे शाई मुरलेली असते. कडा कापून धारदार केलेल्या कार्डाचंही तेच. दुसरं कार्ड शेजारी लावून बघितलं की केसभर लहान भरतं. हे बघायला मला एका दुकानदाराने शिकवलं, तेही त्याच्याच शोकेसमधलं कार्ड मी घ्यायला निघाले असताना. "हे नको घेऊस, आधी ही कड बघ" म्हणाला आणि ते कार्ड काढून वेगळ्या डब्यात टाकलं. त्या डब्यात तो अशीच बिघडवलेली आणि नकली कार्डं ठेवायचा, येणाऱ्या पोरांना दाखवायला. भिंगातून खऱ्या छपाईचे ठिपके कसे एकमेकांभोवती फुलासारखे बसतात आणि स्कॅन करून पुन्हा छापलेल्या कार्डावर तेच कसे गिचमिड होतात, हेही तिथेच बघितलं. जुन्या कागदाची आणखी एक खूण म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या कागदात चमक आणणारी रसायनं नसायची, त्यामुळे त्या काळचं खरं कार्ड ब्लॅकलाइटच्या, म्हणजे अतिनील दिव्याखाली मंदच राहतं, आणि नंतरच्या कागदावर छापलेली नक्कल बहुतेक वेळा लख्ख निळी उजळते. आता सांगा, फोटो बघून यातलं काय करणार?

म्हणून माझा नियम साधा आहे, किमतीचं रॉ कार्ड शक्यतो हातात घेऊनच. एकदा ऑनलाइन एक क्रोम रूकी (खेळाडूच्या सुरुवातीच्या हंगामाचं कार्ड) घेतलं होतं, पुढून-मागून भरपूर मोठे फोटो, सगळं कसं स्वच्छ, आणि घरी आल्यावर एका विशिष्ट कोनात धरलं की खेळाडूच्या खांद्यावरून जाणारी बारीक घडी दिसायची. विकणारा म्हणाला फोटोत जे आहे तेच पाठवलंय. त्याचं खरंच होतं, फोटोत घडी नव्हती! शेवटी पैसे परत मिळाले, पण मेसेजवर मेसेज, परत पाठवायचं पार्सल, वाट बघणं, नुसता वैताग. ऑनलाइन रॉ घ्यायचंच असेल तर दिव्याखाली कार्ड तिरकं फिरवलेला छोटा व्हिडिओ मागा. चांगला विक्रेता कुरकुर न करता पाठवतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, विषय संपला.

स्लॅबचं गणित मात्र पूर्ण उलटं. कार्ड पीएसए, बेकेट नाहीतर एसजीसी अशा ग्रेड देणाऱ्या कंपनीकडून ग्रेड होऊन प्लास्टिकच्या कवचात बंद झालं की माझी जी मुख्य अडचण होती, म्हणजे कंडिशन, ती दुसऱ्या कुणीतरी माझ्यासाठी आधीच तपासलेली असते. सर्टिफिकेट नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघता येतो. अशा कार्डासाठी दुकानात चकरा मारण्यात फारसा अर्थ नाही, कारण कुठलंही दुकान झालं तरी त्याच्याकडे शोकेसभर स्लॅब असणार आणि ऑनलाइन तेच कार्ड त्याच ग्रेडमध्ये एका वेळी डझनावारी दिसतात, शेजारीशेजारी ठेवून निवडता येतात. अगदी वरच्या टोकाचा माल तर बऱ्याचदा लिलावांत जातो. बेसबॉलपटू मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्सचं कार्ड, एसजीसीची दहापैकी ९.५ ग्रेड, ऑगस्ट २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलं ते लिलावातच.

तरी स्लॅब म्हणजे देववाणी नाही हे लक्षात असू द्या. पीएसए १९९१ मध्ये सुरू झाली आणि त्यांनी ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड म्हणजे टी२०६ या जुन्या सेटमधलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं प्रसिद्ध कार्ड, ८ ग्रेडचं. पुढे २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्याने कापल्या होत्या. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या कार्डाची ही गत. शिवाय आता नकली स्लॅबसुद्धा येतात, खऱ्या कार्डाचा नंबर उचलून खोट्या कवचावर छापतात, म्हणजे साइटवर नंबर बरोबर दिसतो आणि आतलं कार्ड भलतंच. त्यामुळे नुसता नंबर टाकून थांबायचं नाही, साइटवर त्या नंबरचा फोटो असेल तर सेंटरिंग, छपाईचे ठिपके, काहीतरी जुळवून बघायचं. एवढं केलं की स्लॅबसाठी ऑनलाइन हाच मार्ग बरा.

आता सीलबंद बॉक्स आणि पॅक. माझं याबाबतीत मत जरा कडक आहे, त्याला कारण आहे. पॅक हे असं की उघडेपर्यंत आत काय आहे कुणालाच माहीत नसायला हवं, आणि ज्याला ते आधी कळतं तो बाकीच्यांना लुटतो. जर्सीचा तुकडा लावलेली कार्डं आली तेव्हापासून लोक बारीक काट्यावर पॅकचं वजन करायला लागले, कारण तसं कार्ड जाड आणि जड असतं. त्यावर तोड म्हणून कंपन्यांनी साध्या पॅकमध्ये जाड कोरी कार्डं घालायला सुरुवात केली. त्याच्या आधी मेणकागदाचे पॅक होते, ते तर गरम करून उघडता यायचे आणि परत चिकटवता यायचे. १९८९ मध्ये अपर डेक या कंपनीने बेसबॉलचा पहिला सेट काढला तो फॉइलच्या पॅकमध्ये आणि प्रत्येक कार्डावर होलोग्राम लावून, आणि ही कल्पना कुठून आली माहितीये? कॅलिफोर्नियात बिल हेमरिक यांचं अपर डेक नावाचं कार्डांचं दुकान होतं, त्यांच्या पदरी बेसबॉलपटू डॉन मॅटिंगलीची नकली रूकी कार्डं आली, आणि छपाईच्या धंद्यातले पॉल समनर त्या दुकानात यायचे, त्यांच्या बोलण्यातून हे सगळं पुढे गेलं. म्हणजे नकली मालावरचा हा तोडगा दुकानाच्या काउंटरवरच सुरू झाला. मला ही गोष्ट फार आवडते, दुकानं आता संपली म्हणणाऱ्याला मी हमखास ऐकवते.

तर सीलबंद माल घेताना खरा प्रश्न एकच, हा बॉक्स कारखान्यातून निघाल्यापासून माझ्यापर्यंत किती हातांतून आला. दुकानदार डिस्ट्रिब्युटरकडून पेटी घेतो आणि तुमच्यासमोर बॉक्स काढून देतो, मध्ये फारसं कुणी नाही. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घेतलं तरी तेच, ते ऑनलाइन असूनही मी बिनधास्त घेते. पण कुठल्यातरी अनोळखी खात्यावरून "सापडलेला जुना सीलबंद बॉक्स" घेणं म्हणजे नुसती हिंमत. यूट्यूबर लोगन पॉलचं प्रकरण आठवत असेल, ते पोकेमॉनचं आहे, खेळाडूंच्या कार्डांचं नाही, पण रोग तोच. ३५ लाख डॉलर देऊन पहिल्या आवृत्तीच्या बॉक्सची पेटी घेतली, तपासून प्रमाणित झालेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडली तर आत जी. आय. जो या भलत्याच मालिकेची कार्डं. एवढ्या पैशांच्या व्यवहारात हे होऊ शकतं तर तुमच्या माझ्या व्यवहाराचं काय बोलायचं.

दुकानातसुद्धा एका जागी सांभाळा, सुटे पॅक. हॉबी बॉक्समध्ये (कार्डांच्या दुकानांसाठीचे बॉक्स) ठरावीक ऑटोग्राफ किंवा मेमोरेबिलिया (जर्सीच्या तुकड्यासारखी वस्तू लावलेल्या) कार्डांची हमी असते, सहसा बॉक्सवरच लिहिलेलं असतं. समजा बॉक्सला एकाच ऑटोची, म्हणजे ऑटोग्राफ कार्डाची हमी आहे आणि ते ऑटो सकाळीच कुणाला तरी लागलं, तर उरलेले पॅक तुम्ही पूर्ण भावात घेताय पण त्यातून मोठं काही निघायची शक्यता जवळजवळ संपलेली आहे. चांगला दुकानदार विचारल्यावर सांगतो की यातलं लागून गेलंय, काही जण तर न विचारताही सांगतात. मी सुटे पॅक घेते तेव्हा आधी विचारतेच, आणि उत्तर देताना समोरचा कसा बघतो त्यावरून दुकानाबद्दल बरंच कळतं.

ब्रेकबद्दल थोडक्यात. लाइव्हवर कुणीतरी बॉक्स फोडतो, तुम्ही आधी एखाद्या टीमची जागा विकत घेतलेली असते, त्या टीमची कार्डं तुमची. व्हॉटनॉट हे लाइव्ह विक्रीचं ॲप २०१९ मध्ये आलं आणि आता तर सगळीकडे हेच चालू आहे. बघायला मजा येते हे मान्य, पण सगळ्या जागांची किंमत जोडून बघा, बॉक्सच्या किमतीपेक्षा बरीच जास्त निघते, आणि रात्री उशिरा घड्याळाचा काउंटडाऊन चालू असताना माणूस ही बेरीज करत नाही. लहान मुलं यात पैसे घालवताना दिसली की मला खरंच वाईट वाटतं.

आता भाव. दुकानात उभं राहून फोनवर भाव बघायला माझी काहीच हरकत नाही, मीही बघते, पण नीट बघा. ईबेवर लिस्टिंगला लावलेला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा, विकलेल्या मालाचा फिल्टर लावून जे दिसतं तो खरा भाव. त्यातही घासाघीस करून व्यवहार झाला असेल तर खोडलेली मूळ किंमत दिसते, नेमकी कितीला गेलं ते दिसत नाही, त्यासाठी १३०पॉइंटसारख्या साइटवर बघावं लागतं. आणि एकच विक्री धरून बसू नका, मागच्या काही विक्री बघा, कारण एखादी किंमत आपल्याच माणसाकडून बोली चढवून फुगवलेली असू शकते आणि एखादी रविवारी पहाटे लिलाव संपल्यामुळे पडलेली असू शकते. हे सगळं करून जो आकडा येईल त्यात शिपिंग मिळवा, आणि मग दुकानदाराचा भाव त्यापेक्षा थोडा जास्त दिसला तर तो लुटतोय असं लगेच म्हणू नका. ते कार्ड तुम्ही तिरकं करून बघितलंय, आजच घरी नेणार आहात, पोस्टात वाकणार नाहीये. यालाही किंमत आहे, मी तरी ती आनंदाने देते. दुप्पट सांगत असेल तर हसून नको म्हणायचं आणि निघायचं.

विकतानाही तसंच. दुकानदार बाजारभावाच्या साठ-सत्तर टक्के देतो म्हणून लोक चिडतात, पण ऑनलाइन विकलं तर प्लॅटफॉर्मचं कमिशनच तेरा टक्क्यांच्या आसपास जातं, वर पॅकिंग, शिपिंग, आणि पार्सल हरवलं किंवा समोरच्याने वाद घातला तर तेही तुमच्याच अंगावर. एखादं भारी कार्ड असेल तर मी ऑनलाइन विकते, फरक मोठा पडतो. हलकीफुलकी कार्डं पिशवीत भरून दुकानात नेते आणि पैशांऐवजी बदल्यात कार्डं मागते, अदलाबदलीत दुकानदार जवळजवळ नेहमीच जास्त भाव धरतो.

एक गोष्ट मात्र करू नका, कळकळीने सांगते. दुकानात जाऊन अर्धा तास कार्ड हाताळायचं, दुकानदाराकडून सगळी माहिती काढायची, कुठल्या वर्षीच्या छपाईत काय दोष असतो, कुठलं पॅरलल (त्याच कार्डाची वेगळ्या रंगाची आवृत्ती) कमी छापलंय, आणि मग बाहेर पडून तेच फोनवर मागवायचं, हे बरं नाही. त्या माणसाचं भाडं त्या शोकेसवर निघतं. २०२१ मध्ये कार्डांसाठी झुंबड उडाली होती, टार्गेट या अमेरिकेतल्या दुकानसाखळीने तर मारामारीच्या प्रकारानंतर मे महिन्यात दुकानांतली विक्रीच थांबवली, पीएसएने साठलेल्या कार्डांच्या ढिगाऱ्यामुळे नवीन कार्डं घेणं बरंचसं बंद केलं, ऑनलाइन बॉक्सचे भाव आभाळाला भिडले होते. त्या काळातही अनेक दुकानदारांनी माणशी एक बॉक्स असं करून नेहमीच्या लोकांसाठी माल राखून ठेवला, बाहेर दुपटीने गेला असता तरी. नेहमी येणाऱ्याला दुकान ओळखतं, तुम्ही काय शोधताय ते त्याच्या लक्षात राहतं, आणि तसं काही आलं की तो बाजूला काढून ठेवतो.

सगळी दुकानं अशी नसतात हेही खरं. कार्डांवर किंमतच लिहिलेली नाही आणि गिऱ्हाईक बघून आकडा सांगतात, टॉपलोडरमधून काढू देत नाहीत, लहान मुलाकडून चांगलं कार्ड चिल्लर देऊन घेतात, अशा दुकानात परत पाऊल टाकू नये. त्यापेक्षा ऑनलाइन शंभर पटीने बरं.

सेट पुरा करायचा असेल तर ऑनलाइनला पर्याय नाही. शेवटची राहिलेली बेस कार्डं, नंबरासकट यादी घेऊन, कॉमसीसारख्या साइटवर एकेक करून घेत जायची, ती तिथेच साठवून ठेवायची आणि एकदम एका पार्सलमध्ये मागवायची, शिपिंग वाचतं. टॉप्स नाऊसारखी कार्डं तर फक्त ऑनलाइनच, ठरावीक वेळेपुरतीच विकतात आणि किती छापली तो आकडा नंतर जाहीर करतात, ते मला आवडतं, निदान लपवाछपवी नाही. पण काय जमवायचं हेच ठरलेलं नसेल तर दुकानातले ते स्वस्त कार्डांचे लांब खोके उपसा. त्यात ऐंशीच्या दशकाच्या शेवटची आणि नव्वदच्या सुरुवातीची अतोनात छापलेली कार्डं खचाखच भरलेली असतात, किंमत काहीच नाही, पण सर्च बॉक्समध्ये तुम्ही जे नाव टाकाल तेच समोर येतं, खोक्यात मात्र कधी नाव न ऐकलेला गोलकीपर हाती लागतो, फोटो आवडतो, आणि मग त्याची बाकीची कार्डं शोधायला लागता.

आणि कमी ग्रेडची जुनी कार्डं, हा माझा सगळ्यात आवडता प्रकार, ती मी स्लॅबमध्ये असली तरी दुकानातच बघून घेते. वरच्या नियमाला हा एकच अपवाद. दोन कार्डं घ्या, दोन्हीला ग्रेड २. एकाला मागच्या बाजूला घडी आहे म्हणून २, पण समोरून चित्र मधोमध, रंग टवटवीत. दुसऱ्याचं चित्र एका बाजूला सरकलेलं, रंग उडालेला, तेही २. ऑनलाइन दोघांचे भाव जवळपास सारखेच दिसतात कारण लोक आकडा बघून बोली लावतात. हातात घेतल्यावर कुठलं न्यायचं हे लगेच ठरतं, आणि पहिलं कार्ड मी दुसऱ्यापेक्षा थोडे जास्त पैसे देऊनही नेईन.